पंधरा हजारांत चौघांचं मालवण

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलंय: नवरा-बायको, 9 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या शाकाहारी सासूबाई, असे चौघं मालवणला तीन रात्री राहणार. किल्ला बघायचाय, पाण्यात उतरायचंय, मासे खायचेत. जाण्यायेण्यासकट 15 हजारांच्या वर जायचं नाही. जमेल का, आणि काटकसर नेमकी कुठे करू?

जमेल. मी मालवणचाच. 18 वर्षं घरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतोय, त्याआधी शाळांच्या सहली फिरवायचो. एवढ्या वर्षांत जे दिसलं ते आधी सांगतो. पाहुण्यांचे जादा पैसे जातात ते बहुतेक वेळा वेळ चुकल्यामुळे. बस गेली म्हणून रिक्षा, ओहोटी गेली म्हणून होडी, खानावळ आटोपली म्हणून बीचवरचं महागडं हॉटेल. मालवण हे बंदराचं गाव आहे. त्याचा दिवस एसटी, भरती-ओहोटी आणि परतणाऱ्या होड्या ठरवतात. तुमचा दिवस त्यांच्याशी जुळवून घ्या. मग जेवणात, खोलीत किंवा सुरक्षिततेत कंजुषी करावी लागणार नाही.

आधी कधी यायचं ते. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते 1 जानेवारी, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सोडा. त्या दिवसांत हीच खोली दुपटीनं जाते. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्राही टाळा. या जत्रेला ठरलेली तिथी नसते, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि ती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. त्या दोन-तीन दिवसांत लाखो माणसं मसुऱ्याकडे, म्हणजे आंगणेवाडी जिथे आहे तिकडे, लोटतात, गाडीचं तिकीट मिळत नाही आणि खोलीही मिळत नाही. जत्रेलाच यायचं असेल तर जरूर या, पण मग हा हिशोब विसरा. गणपतीतही नको. सगळा जिल्हा आपापल्या घरी असतो आणि निम्म्या खानावळींना कुलूप असतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळही बंद. पावसातलं मालवण मला स्वतःला फार आवडतं, पण तुमच्या यादीतलं त्यात काहीच होणार नाही.

तुम्हाला मी जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीची सुरुवात सुचवेन. मुलीची चार दिवसांची शाळा बुडेल, ती बुडू द्या. रविवारी रात्री निघा, सोमवारी सकाळी पोचा, गुरुवारी रात्रीच्या गाडीनं परत. शुक्रवार ते रविवार आणि सोमवार ते गुरुवार यांच्या खर्चात चौघांमागे सहज दोन-अडीच हजारांचा फरक पडतो.

गाडी. तुमच्यासाठी कोकणकन्या किंवा तुतारी, उतरायचं कुडाळला. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. जाण्याचं आणि येण्याचं आरक्षण वेगवेगळ्या दिवशी उघडेल, दोन्ही तिकिटं आपापल्या दिवशी सकाळीच काढून टाका. तुतारीत एक गंमत आहे, दरवर्षी कुणीतरी त्यात फसतं. ती दादरहून रात्री 12 वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे तुम्ही रविवारी रात्री जेवून घरातून निघणार असाल तर तिकिटावर तारीख सोमवारची हवी. रविवारची तारीख टाकलीत तर गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेतली सवलत 2020 पासून बंद आहे, त्यामुळे सासूबाईंचं तिकीट पूर्ण धरा, आणि वय नीट भरून खालचा बर्थ मागा. मुलीला बर्थ नको म्हटलंत तर अर्धं तिकीट लागतं, बर्थ मागितलात तर पूर्ण. इथे पैसे वाचवू नका. रात्रभर मुलीला कुशीत घेऊन अवघडलेली आई सोमवारचा आख्खा दिवस खोलीत झोपून काढते, असं मी पुष्कळ वेळा पाहिलंय. स्लीपरनं चौघांचं दोन्ही बाजूंचं भाडं साधारण 3 हजारांच्या घरात जाईल. कुडाळचं तिकीट मिळालं नाही तर कणकवली बघा. तिथून मालवण थोडं लांब पडतं, पण एसटी आहे.

कुडाळ स्टेशनातून बाहेर पडलात की रिक्षावाले थेट मालवणचं विचारतील. त्यांचा दर त्यांच्या जागी बरोबर आहे, 30 किलोमीटर येऊन रिकामं परतायचं असतं. पण तुम्ही फक्त कुडाळच्या बसस्थानकापर्यंत रिक्षा करा आणि तिथून एसटी घ्या. मार्च 2023 पासून एसटीत सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे, 5 ते 12 वर्षांच्या मुलांनाही अर्धं. म्हणजे तुमच्या चौघांचं मिळून अडीच तिकीट. पूर्ण तिकीट पन्नास-पंचावन्न रुपयांच्या आसपास, तर सगळं कुटुंब दीडशेच्या आत मालवणात. रिक्षाला याच्या पाचपट तरी लागतील. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पास आहे, चांगला आहे, पण एकाच तालुक्यात फिरणाऱ्या आणि अर्ध्या तिकिटाचा हक्क असलेल्या बायकांना तो घेऊन काही मिळत नाही. विचारलं नव्हतंत, तरी सांगून ठेवतो.

बस विचारताना 'नेरूरपार, धामापूरमार्गे' अशी विचारा. हा रस्ता धामापूरच्या तलावावरून जातो. 1530 च्या सुमाराचा हा तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, चारी बाजूंनी झाडी. जाताना सामान घेऊन उतरू नका, नंतर एखाद्या सकाळी मालवणहून रिकाम्या हातानं या. सासूबाईंना किल्ल्यापेक्षा हीच जागा आवडली तर मला नवल वाटणार नाही. मात्र परतीची बस किती वाजता, ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

राहायचं कुठे यावर मी ठाम आहे: मालवण गावात, तारकर्लीत नव्हे. स्वतःच्या खोल्या गावात आहेत म्हणून हे सांगत नाही. माझ्याकडे येऊच नका, पण गावात राहा. तारकर्ली-देवबागला समुद्र दारात असतो हे खरं. पण तिथे राहिलात की जेवण त्याच रिसॉर्टचं, चहा त्यांचाच आणि गावात यायचं तर रिक्षा. गावात राहिलात तर बसस्थानक, बाजार, जेटी, चिवला बीच, दांडी, रॉक गार्डन सगळं पायी. रोजचे चार-पाचशे रुपये नुसते चालण्यानं वाचतात. बाजारपेठ, भरड, चिवला, दांडी या भागांत घरगुती खोल्या मिळतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत चौघांना एक मोठी खोली, एक जादा गादी घालून, दीड हजारापर्यंत मिळायला हवी. फोनवर तीन गोष्टी विचारा. गादीचे पैसे वेगळे आहेत का, खोली तळमजल्यावर आहे का (सासूबाईंसाठी), आणि मासे आणून दिले तर घरात करून देता का. तिसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणणारं घर पकडा.

कारण मालवणात खाण्यावर वाचवायचं ते कमी खाऊन नाही, योग्य मासा खाऊन. मुंबईची माणसं खानावळीत बसली की सुरमई किंवा पापलेट मागतात. तेच दोन मासे सगळ्यात महाग, आणि वारा जोरात असेल, होड्या गेल्या नसतील, तर ते बर्फातले असण्याची शक्यताही सगळ्यात जास्त. तुम्ही विचारा, "आज ताजा काय आसा?" बांगडा, पेडवे, तारल्या, सौंदाळे, लेप, मुडदुशी जे म्हणतील ते घ्या. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि भात एकदा खाल्लात की सुरमईची आठवण येणार नाही. बांगड्याची आणि पापलेटची थाळी यांत दीडशे-दोनशे रुपयांचा फरक सहज असतो. एक दिवस सुरमईही खा, मुलीला काटे काढायला ती सोपी. आणि साडेबाराला खानावळीत पोचा. दोन वाजून गेले की स्वस्त ताजा मासा संपलेला असतो आणि उरतो तो महाग.

सासूबाईंची काळजी करू नका. शाकाहारी माणसाचे मालवणात हाल होतात, ही समजूत फक्त माशांच्या खानावळीत व्हेज थाळी मागणाऱ्यांची आहे. त्यांना सकाळी आंबोळी किंवा घावणे आणि चटणी द्या, दुपारी काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे, संध्याकाळी उसळ-पाव. हे आमचं रोजचं, सणाचं खाणं आहे, थाळीच्या निम्म्या पैशांत होतं. सोमवारी पोचलात तर पहिला दिवस सगळेच त्यांच्याबरोबर जेवा. इथे पुष्कळ घरांत सोमवार पाळतात आणि मासळीबाजारही त्या दिवशी थंडच असतो.

मंगळवारी किंवा बुधवारी मात्र होड्या परत येतात तेव्हा जेटीवर किंवा दांडीच्या किनाऱ्यावर जा. वेळ रोज एक नसते. सकाळी खोलीवाल्यांना विचारलं की ते सांगतील. मोठ्या राशींचा लिलाव चाललेला असतो तिथे मध्ये हात घालू नका, तो व्यापाऱ्यांचा आणि मच्छीमारांचा व्यवहार आहे आणि तो काही सेकंदांत ठरतो. बाजूला उभं राहून बघा, मुलीला दाखवा. लिलाव झाल्यावर मासे विकणाऱ्या बायका लहान वाटे लावून बसतात. त्यांच्याकडून एक वाटा घ्या. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटानं दाबलं तर मांस परत वर यायला हवं. थोडी घासाघीस चालते, पण फार ताणू नका. तिनं तो मासा रोख पैसे मोजून घेतलेला असतो आणि अंधार पडायच्या आत विकायचा असतो. तो वाटा खोलीवाल्या वहिनींकडे द्या. करणावळीचे पैसे देऊनही चौघांचं जेवण खानावळीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि ताटात जे येतं ते कुठल्याच खानावळीत मिळत नाही. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर दोरीला हात लावा, कुणी नको म्हणत नाही. पन्नासेक माणसं मिळून समुद्रातून जाळं ओढतात तेव्हा ते किती जड असतं, हे मुलीला हातांनी कळेल.

आता किल्ला. सिंधुदुर्गचा पाया 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर घातला गेला आणि तीन वर्षांत हा जलदुर्ग उभा राहिला. जुलै 2025 मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, तेव्हापासून गर्दी वाढली आहे. होडीचा दर ठरलेला असतो. जेटीवरच तिकीट काढा, रस्त्यात कुणी 'पॅकेज' म्हणालं तर पुढे चला. पहिल्या होड्यांपैकी एक पकडा. होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात आणि बहुतेक लोक महाराजांच्या हातापायांचे ठसे आणि शिवराजेश्वराचं देऊळ बघून परत फिरतात. एका तासात तटावरून चालणं होत नाही. चढतानाच नम्रपणे विचारा, "आम्ही नंतरच्या होडीनं आलो तर चालेल का?" बहुधा चालतं, पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी खाऱ्या पाण्याच्या मधोमध आहेत, त्या मुलीला नक्की दाखवा. गडावर अजून काही कुटुंबं राहतात. त्यांच्याकडचं कोकम सरबत तिथेच प्या, ते पैसे गडावरच राहतात.

सासूबाईंना होडीत चढता-उतरताना हात द्यावा लागेल. ओहोटीला होडी आणि धक्का यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणून त्यांच्यासाठी भरतीची वेळ बरी. भरती कधी, ते मोबाइल न काढता कळतं. तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला 4 गुणिले पाऊण म्हणजे 3, तर पूर्ण भरती 3 च्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला 6 वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हे अंदाजाचं गणित आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरायचा, पण दिवस आखायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही; अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा हालचाल कमी.

हे सगळं सांगतोय ते पद्मगडासाठी. दांडीच्या किनाऱ्यासमोर, सिंधुदुर्गाच्या अलीकडे हा छोटा गड आहे. चांगल्या ओहोटीला तिथे वाळूतून आणि खडकांतून चालत जाता येतं, पैसा लागत नाही. पौर्णिमेनंतरच्या किंवा अमावास्येनंतरच्या प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी सात-साडेसातला ओहोटी मिळते, ती उत्तम. पण एक अट. निघण्याआधी दांडीवर जाळी विणत बसलेल्या कुणालाही विचारा, आणि तो "नको" म्हणाला तर जाऊ नका. मी वीस वर्षांचा असताना परळहून आलेल्या मावसभावाला घेऊन गप्पांच्या नादात तिथे तासभर जास्त थांबलो. परतताना पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं आणि खडक दिसत नव्हते. गावचा मुलगा असून माझे पाय थरथरत होते. ओहोटी पूर्ण लागायच्या अर्धा तास आधी जायचं आणि पाणी फिरलं की निघायचं. सासूबाईंना तेवढा वेळ मोरयाच्या धोंड्याजवळ बसवा. किल्ल्याचा पाया घालण्याआधी महाराजांनी पूजा केली ती हीच जागा. खडकात कोरलेला गणपती आहे, समोर किल्ला आहे आणि सकाळी तिथे कुणी नसतं.

देवबागला जायला मालवणहून तारकर्लीमार्गे एसटी आहे. सकाळच्या बसनं जा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, असं ते गाव आहे. संगमाकडे नेणाऱ्या होडीचे पैसे माणशी नसतात, होडीमागे असतात. चौघांनी आख्खी होडी करू नका. जेटीवर अर्धा तास थांबलात की दुसरं एखादं कुटुंब येतं, भाडं निम्मं होतं. आणि परतीची शेवटची बस विचारून ठेवा. शाळेच्या सहलीबरोबर ती एकदा माझी चुकली. 26 मुलं होती, आणि त्या संध्याकाळी टेम्पोला दिलेले पैसे सहलीच्या दोन जेवणांएवढे होते.

पाण्यात उतरण्याबद्दल. 9 वर्षांच्या मुलीला स्कुबा नको, स्नॉर्कलिंग पुरे. खडकांमधले रंगीत मासे तिला तेवढ्यानंही दिसतील. वडिलांना हौस असेल तर त्यांनी स्कुबा करावं. दुपारपेक्षा सकाळचं पाणी बरं, वारा कमी असतो. भाव दोन-तीन ठिकाणी विचारा, पण सगळ्यात कमी सांगेल त्याच्याकडे जाऊ नका. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीत स्कुबाची होडी उलटून दोन पर्यटक गेले. त्यानंतर मी पाहुण्यांना हेच सांगतो: होडीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला बघा, लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच अंगात घाला आणि पट्टे आवळा, मुलीला तिच्या मापाचं मागा. होडीत माणसं जास्त वाटली तर उतरा, भरलेले पैसे गेले तरी उतरा. तुमच्या 15 हजारांतले पाचशे रुपये या ठिकाणी जास्त गेले तर मला आनंदच होईल.

हिशोब मांडतो. गाडी 3 हजार, खोली साडेचार, खाणं 4 हजार, एसटी आणि कुडाळातली रिक्षा मिळून सहाशे, किल्ला, देवबागची होडी आणि स्नॉर्कलिंग मिळून 2 हजार. 14 हजार 100 झाले. उरलेल्या नऊशेचा बाजार करा, पण तो जेटीवरच्या दुकानांत नको, बाजारपेठेत, जिथे गावातल्या बायका पिशव्या घेऊन दिसतात. काजू स्वयंपाकासाठी हवे असतील तर पाकळी घ्या, अख्ख्यापेक्षा बरीच स्वस्त आणि चव तीच. आमसुलं हातात घेऊन बघा. ओली आणि मिठानं पांढरी झालेली असतील तर तुम्ही मिठाचं वजन विकत घेताय. मालवणी मसाला थोडाच घ्या, सहा महिन्यांत वास उतरतो. मुलीला खाजे, आल्याच्या वासाचे, गुळात घोळलेले. कोकमाचं आगळ घेतलंत तर बाटलीचं झाकण प्लॅस्टिकनं बांधून पिशवीत उभी ठेवा. एकदा ते कपड्यांवर सांडलं की डाग जात नाही.

गुरुवारी कुडाळला जायला गाडीच्या वेळेआधी तीन तास सुटणारी एसटी धरा, शेवटची नको. वाटेत एखादी बस बंद पडली तरी मागची मिळते. जेवण खोलीवाल्या वहिनींकडूनच बांधून घ्या. घावणे दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतात, सासूबाईंनाही चालतील.